लाल ठिपक्यांचा बंदोबस्त

हार्सोयो गुरुजींनी जावा बेटावरच्या क्लातेनच्या शाळेत चौतीस वर्षं गणित शिकवलं, पण त्यांचा खरा विषय संशय. परीक्षेच्या वर्गात ते शिरले की पोरांच्या बाह्यांतल्या चिठ्ठ्या आपोआप पोटात जायच्या. एकदा तर त्यांनी एका पोराला नुसत्या शिंकांवरून पकडलं होतं. दोन शिंका म्हणजे दुसरा पर्याय, हे त्यांनी तिसऱ्या प्रश्नाला ताडलं आणि चौथ्याला स्वतःच शिंकून अख्ख्या बाकाला नापास केलं. असा माणूस निवृत्त होऊन घरी बसला, तर त्या घराचं काय होत असेल? पहिल्याच महिन्यात त्यांनी तीन शोध लावले. कांदेवाली वजनात मारते, शेजारचा कोंबडा गुरुजींच्याच खुराड्यातले दाणे खाऊन पुष्ट झाला आहे, आणि बायको, म्हणजे मार्सिनीबाई, आमच्या भाषेत इबू मार्सिनी, कालवणात नारळाचं दूध रोज थोडं थोडं कमी करत चालली आहे. तिसरा शोध लावण्यासाठी ते रोज सकाळी स्टूल घेऊन स्वयंपाकघरात बसत.

दुसऱ्या महिन्यात इबूंनी चुलीपुढून मान न वळवता सांगितलं, "अहो, खुराड्यात ती तुमची मोटारसायकल उभी आहे ना, ती सतरा ऑगस्टच्या स्वातंत्र्यदिनापर्यंत सुरू झाली तर तुमची. नाही झाली, तर भंगारवाला आहे आणि मी आहे. त्या जागेवर मला मागूर माशांची टाकी बसवायचीय."

आता त्या घरात पस्तीस वर्षांत मागूर शिजला नव्हता. मिशा असलेलं काही ताटात नको, असा इबूंचा नियम होता. गुरुजींच्या संशयाला तिथेच पालवी फुटायला हवी होती. पण 'भंगारवाला' हा शब्द ऐकल्यावर त्यांचं दुसरीकडे लक्षच राहिलं नाही. ज्या गाडीवरून त्यांनी नोकरी केली, जिच्या मागच्या सीटवर बसून नवी नवरी घरी आली, जिच्यावर दोन्ही मुली शाळेत गेल्या, ती गाडी भंगारात? अकरा वर्षं उभी आहे म्हणून? निवृत्त होऊन दोनच महिने झाले होते. गाडी गेली की पाठोपाठ आपलाच नंबर, असं त्यांना वाटून गेलं.

गाडी खुराड्याबाहेर काढायला सकाळचे दोन तास लागले. सीटवर एक कोंबडी अंड्यांवर बसली होती आणि तिची या स्थलांतराला संमती नव्हती. तोवर आळी जमली. क्लातेनमध्ये एखाद्याच्या घरी माणूस आजारी पडलं तर लोक पपई घेऊन येतात. गाडी आजारी पडली तर नुसता सल्ला घेऊन येतात, कारण तो पपईपेक्षा स्वस्त असतो. एक म्हणाला, प्लगच्या भोकातून खोबरेल ओता. दुसरा म्हणाला, खोबरेल कसलं, डिझेल ओता. तिसऱ्याने सांगितलं की इंजिन आधी उन्हात ठेवा, म्हाताऱ्या माणसाच्या सांध्यांसारखंच असतं ते. बोलता बोलता त्याने गुरुजींच्या गुडघ्यांकडे पाहिलं, हे गुरुजींनी टिपून ठेवलं.

शेजारचे बापाक पर्तोमो (बापाक म्हणजे आमच्याकडचे 'रावसाहेब') मात्र सल्ला द्यायला आले नव्हते. जमिनीच्या कचेरीतून निवृत्त झालेले हे गृहस्थ गाडीभोवती तीनदा फिरले, टाकीवर टिचकी मारून कानोसा घेतला आणि हळूच म्हणाले, "गुरुजी, कंटाळलात तर सांगा. माझ्या ओसरीत जागा आहे."

जो माणूस फुकटात जागा देऊ करतो, त्याच्यावर लक्ष ठेवावं. जमिनीच्या कचेरीतून निवृत्त झालेला असेल, तर दोन्ही डोळ्यांनी.

आळीच्या टोकाला बदामाच्या झाडाखाली कांग गिमानचं, म्हणजे गिमानदादाचं, गॅरेज होतं. गिमान पन्नाशीचा, हाताने चपळ आणि जिभेने जवळपास मुका. कुठल्याही प्रश्नाला त्याचं एकच उत्तर, 'इंग्गिह'. आमच्या जावामध्ये 'इंग्गिह' म्हणजे 'हो'. पण त्या 'हो'च्या पोटात 'बघू', 'नाही', 'तुम्ही मोठे, मी काय बोलणार' आणि 'आता घरी जा' हे सगळं सुखाने नांदतं.

"पिस्टन अडकलाय का, कांग?"

"इंग्गिह."

"सुटेल ना?"

"इंग्गिह."

"की नाही सुटणार?"

"इंग्गिह, गुरुजी."

गुरुजींच्या मनात पहिला लाल दिवा लागला. जुन्या गाडीतला अस्सल जपानी माल काढून त्या जागी नकली बसवणारे मेकॅनिक असतात, हे त्यांनी चहाच्या टपरीवर किमान चार जणांकडून ऐकलं होतं. चौघांनीही ते एकमेकांकडूनच ऐकलं होतं, पण गुरुजींनी ते चार स्वतंत्र पुरावे धरले. आता प्रश्न असा, की मेकॅनिकला तोंडावर चोर कसं म्हणायचं? मुळीच म्हणायचं नाही! आमच्याकडे कोणी कोणाला तोंडावर काही म्हणत नाही. विहिरीत पडलेल्या माणसालासुद्धा आधी 'जेवण झालं का' असं विचारतात. तेव्हा गुरुजींनी सभ्यपणे पहारा करायचं ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून ते सकाळी आठ वाजता केळ्याची भजी आणि चहाची किटली घेऊन गॅरेजात हजर होऊ लागले. निळ्या प्लास्टिकच्या स्टुलावर बसायचं आणि गिमानच्या हाताकडे टक लावून बघायचं. भजी खाताना तो एक हात तेलकट ठेवतो, म्हणजे खिशात काही टाकायला एकच हात मोकळा राहतो, असाही त्यात हिशोब होता.

पण पहाऱ्याला नमाज, जेवण आणि लघवी ही तीन भगदाडं होती. ती बुजवायला गुरुजींनी एक योजना काढली. प्रत्येक पुर्ज्यावर गुपचूप खूण करायची. शाई पुसली जाते, खडू झडतो. मग पक्का, लाल आणि बारीक ब्रशासकट मिळणारा रंग कोणता? गुरुजी दुकानात गेले, इकडेतिकडे पाहिलं आणि खालच्या आवाजात म्हणाले, "एक नखांना लावायचं लाल द्या. कागदात गुंडाळून."

"इबूंसाठी का, गुरुजी?"

"नाही नाही," गुरुजी घाईघाईने म्हणाले, "त्यांना हे अजिबात कळता कामा नये."

आयुष्यभर इतरांच्या चिठ्ठ्या पकडणाऱ्या माणसाने आपली चिठ्ठी अशी भर दुकानात वाचून दाखवली. दुपारपर्यंत आळीला कळलं की हार्सोयो गुरुजींना उतारवयात पालवी फुटली आहे. आधी मोटारसायकल काढली, आता लाली घेतली. पुढचं ज्याने त्याने आपापल्या कुवतीप्रमाणे जोडलं.

त्याच दुपारी गिमान जेवायला गेला असताना गुरुजींनी वर्तमानपत्रावर मांडलेल्या कार्ब्युरेटरच्या अकरा पुर्ज्यांवर एकेक लाल ठिपका दिला. घाईत त्यांनी ब्रश जरा जास्तच बुडवला. एक थेंब ब्रशावरून निसटून इंजिनाच्या अंगावर कुठेतरी पडला. तो पुसावा असं मनात येतंय तोच पावलं वाजली आणि गुरुजी झटकन स्टुलावर बसून आकाशातले ढग मोजू लागले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुर्जे पाहिले आणि त्यांच्या हातातलं भजं खाली पडलं. कार्ब्युरेटरचे सगळे पुर्जे जागेवर होते, लख्ख होते, आणि एकावरही ठिपका नव्हता!

"कांग," गुरुजी आवाज शक्य तितका गोड ठेवून म्हणाले, "हे पुर्जे किती नव्यासारखे दिसतात हो."

गिमान लाजला. "इंग्गिह, गुरुजी. तुमचे म्हणून."

माझे म्हणून! निर्लज्जपणाची ही पातळी गुरुजींनी परीक्षेच्या वर्गातसुद्धा पाहिली नव्हती.

पुढे पुराव्यांची रांगच लागली. शुक्रवारी मशिदीतून परत आल्यावर त्यांनी सहज म्हणून सायलेन्सरला हात लावला आणि बोट भाजलं. जी गाडी अजून सुरू झाली नाही, तिचा सायलेन्सर गरम कसा? गुरुजींनी पाण्यात बोट बुडवून विचार केला आणि उत्तर सापडलं. आपण नमाजाला गेलो की हा आपला सायलेन्सर काढून गिऱ्हाइकांच्या गाड्यांना भाड्याने लावतो! त्या सायलेन्सरमध्ये सोमवारी उंदरांचं घरटं सापडलं होतं, तेही गुरुजींनीच जपून ठेवलेल्या जुन्या उत्तरपत्रिकांचं. एका चिंधीवर तर 'रीत चुकली' हा लाल शेराही शाबूत होता. घरटं काढून सायलेन्सर साफ केल्यावर तो कुठेही चालला असता. तर्क बिनतोड होता.

दहाव्या दिवशी गॅरेजातल्या फळीवर निळ्या फुलांची ताटली दिसली. घरात अशा सहा होत्या. संध्याकाळी गुरुजींनी मोजल्या, पाच भरल्या. म्हणजे गाडीपाठोपाठ घरही सुटं होऊन तिकडे चाललं होतं! त्यांनी इबूंना विचारलं, तर त्या नुसतं "असेल कुठेतरी" म्हणून उठून गेल्या. हल्ली त्या फारसं बोलत नसत. जेवायला वाढत आणि भिंतीकडे बघत बसत. ही काहीतरी लपवते आहे, असं गुरुजींनी ताडलं, आणि ते मात्र अगदी बरोबर ताडलं.

बाराव्या दिवशी ते भजी घेऊन येत असताना झाडामागून त्यांना दोन आवाज ऐकू आले.

"मग माझं कधी?" हे बापाक पर्तोमो.

"गुरुजींचं आटोपलं की तुमचा नंबर," हा गिमान. "इबूंना विचारून सांगतो."

गुरुजी झाडाला धरून उभे राहिले. पर्तोमो, गिमान आणि मार्सिनी! कट पूर्ण होता. अस्सल इंजिन ओसरीत, नकली इंजिन आपल्या पदरात, आणि बायकोला मागूर माशांची टाकी. एवढं कळूनही ते पुढे आले आणि म्हणाले, "बापाक, जेवण झालं का?" कारण सकाळचे आठ वाजले असले तरी रीत ती रीत.

शेवटचा घाव वाहनकराच्या कचेरीत बसला. गाडीचे कागद मेले होते. ते जिवंत करायला इंजिनाच्या नंबरावर कागद ठेवून, पेन्सिलीने घासून ठसा आणायचा असतो. गुरुजींनी तो स्वतः घासून नेला. कारकून बाई सज्जन होत्या. त्यांनी चष्मा वर केला, खाली केला, ठसा उजेडात धरला.

"तुमच्या कागदावर शेवटचा आकडा आठ आहे, बापाक. इथे तीन उमटलाय. इंजिन बदललंय का?"

चौतीस वर्षांत गुरुजींना कोणी उत्तर चुकलं असं सांगितलं नव्हतं. ते म्हणाले, "मी बदललेलं नाही."

"मग कोणी?"

"त्याचाच शोध चालू आहे," गुरुजी म्हणाले आणि ताठ मानेने बाहेर पडले. फाटकाबाहेर आल्यावर मात्र ते कठड्यावर बसले. खिशातून रुमाल काढून घाम पुसला आणि तो बराच वेळ डोळ्यांपाशी धरून ठेवला. ती गाडी आता ती नव्हतीच. नंबर सांगत होता ना!

ही चौदा तारखेची गोष्ट. सतराला भंगारवाला येणार होता. आता गुन्हेगारांना उघडं पाडायचं, पण रीतीने. आमच्याकडे रीत एकच, सलामतान. शेजाऱ्यांना बोलवायचं, दुवा मागायची आणि पिवळ्या भाताचा डोंगर करून सगळ्यांनी मिळून खायचा. सोळा तारखेला दुपारी गिमानच्या गॅरेजात चटई पडली. इबूंनी भात केला, अंडी आणि आंबवलेल्या सोयाबीनचं तळलेलं तेंपे रचलं आणि बायकांत येऊन बसल्या. पर्तोमो आले. झाडून सगळी आळी आली.

गुरुजी उभे राहिले. "आज आपण आभार मानू या," ते म्हणाले, "कांग गिमानचे. त्यांच्याकडे आमच्या पुष्कळ वस्तू आहेत. त्या जशा होत्या तशाच, म्हणजे अगदी त्याच, परत मिळोत, अशी देवाला प्रार्थना."

"आमीन," सगळे म्हणाले. गिमानचं आमीन सगळ्यांत मोठं होतं.

"ज्यांच्या ओसरीत पुष्कळ जागा आहे, त्यांची ओसरी रिकामीच राहो."

"आमीन," बापाक पर्तोमो भक्तिभावाने म्हणाले.

"आणि ज्यांना घरातल्या ताटल्या सापडत नाहीत, त्यांना त्या सापडोत."

"आमीन. आता जेवायचं का?" कोणीतरी विचारलं.

टोमणा समजायला समोरच्याच्या मनात थोडं तरी पाप लागतं. इथे सगळे भाताकडे बघत होते. गुरुजींचा तोल गेला. त्यांनी खिशातून लाल बाटली काढली आणि चटईवर ठेवली. आवाज चढला, तसा आळीत त्यांचा कोणी कधी ऐकला नव्हता.

"हे मी लावलं होतं! प्रत्येक पुर्ज्यावर! अकरा ठिपके! कुठे गेले माझे ठिपके?"

सगळे बाटलीकडे बघू लागले. मग बायकांच्या बाजूने एक हुंदका आला. तो इबू मार्सिनींचा होता.

"हे… गाडीला घेतलं होतंत?" त्यांनी विचारलं.

"मग कोणाला घेणार?"

"मला काय माहीत कोणाला!" इबूंचा बांध फुटला. "तीन आठवडे बाटली तुमच्या शर्टात बघतेय. दुकानात सांगितलंत म्हणे, बायकोला कळू देऊ नका. अख्खी आळी मला बघितलं की कुजबुज थांबवून दुधी भोपळ्याचा भाव विचारायची. मी भाजी करायची की रडायचं? पस्तीस वर्षांत मला एक बाटली आणली नाहीत, आणि लावली कुठे, तर लोखंडाला!" त्या रडत होत्या आणि मध्येच हसत होत्या. गुरुजींना एकदम कळलं की भिंतीकडे बघून जेवणारी आपली बायको तीन आठवडे काय गिळत होती. त्यांना फार वाईट वाटलं. इतकं वाईट त्यांना एखाद्याला चुकून नापास केल्यावरसुद्धा वाटलं नव्हतं.

तोवर गिमान उठला होता. त्याने फळीवरून एक डबा आणला, बाटलीतला एक थेंब पान्यावर लावला, वाळू दिला आणि त्यावर डब्यातले चार थेंब सोडून फडका फिरवला. लाल गायब.

"थिनर, गुरुजी," तो म्हणाला. "लोकांचं मी पेट्रोलमध्ये धुतो. तुमचं म्हणून थिनर आणलं. म्हटलं, खुराड्यातलं कोंबड्यांचं औषध सांडलं असेल."

मग गुरुजींनी कचेरीतल्या तिनाची तक्रारही मांडली, तेव्हा पर्तोमोंनी वाकून इंजिनाचा नंबर पाहिला. जमिनीच्या कचेरीत खोडलेले आकडे वाचण्यात त्यांचा जन्म गेला होता. "गुरुजी, या आठात काहीतरी भरलंय बघा. डावी बाजू बुजलीय." थिनर पडलं, तेलकट मळाखालून तो निसटलेला लाल थेंब वर आला, पुसला गेला, आणि तिनाचा पुन्हा आठ झाला. गाडी तीच होती! गुरुजींनी टाकीवर हात ठेवला आणि कितीतरी वेळ काढलाच नाही.

"मारा किक," इबू डोळे पुसत म्हणाल्या.

गुरुजींनी किक मारली. फट् फट् फट् करून गाडी पहिल्याच किकला सुरू झाली. बदामावरचे पक्षी उडाले, आळीने टाळ्या वाजवल्या, पर्तोमोंनी तेंपेचा पहिला तुकडा उचलला.

गुरुजींनी गाडी बंद केली.

"थांबा," ते म्हणाले. त्यांचे डोळे बारीक झाले. वर्गातली शिंक ऐकू आली की होत, तसे. "अकरा वर्षं बंद असलेलं इंजिन पहिल्या किकला सुरू होत नाही. कांग, ही याआधी कधी सुरू झाली होती?"

"इंग्गिह," गिमान म्हणाला.

"कधी?"

गिमानने इबूंकडे पाहिलं. इबूंनी पर्तोमोंकडे पाहिलं. पर्तोमोंनी तेंपे परत ठेवलं. चिठ्ठी सापडल्यावर पोरं जशी ओळीने माना खाली घालतात, तशा तीन माना खाली गेल्या.

"पहिल्याच शुक्रवारी," गिमान म्हणाला, आणि त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात लांब भाषण सुरू झालं. "तुम्ही नमाजाला गेला होतात. संध्याकाळी सांगायला घरी गेलो. पण इबूंना म्हटलं, गुरुजी रोज येतात, भजी आणतात, दिवसभर माझ्याजवळ बसतात. इतक्या वर्षांत माझ्याजवळ असं कोणी बसलं नाही. फार एकटं वाटत असेल त्यांना. काम संपलं असं सांगितलं, तर उद्या जातील कुठे? इबू म्हणाल्या, लांबव. दोनचार भजी मलाही द्यायच्या त्या, निळ्या ताटलीत."

"आणि मागूर?" गुरुजींनी बायकोला विचारलं.

"मला मिशावाला मासा बघवत तरी का, अहो? तुम्ही नारळाचं दूध मोजत बसायचात. दोन महिने. मी वेडी झाले असते. आणि बाटली सापडल्यावर म्हटलं, निदान गॅरेजात गिमानच्या तरी नजरेसमोर राहतील."

"आणि तुमचा नंबर?" गुरुजी पर्तोमोंकडे वळले.

"माझ्या बायकोने लावलाय," पर्तोमो पुटपुटले. "आमचा रेडिओ बिघडलाय म्हणे. मला तर तो चांगलाच वाजताना दिसतो."

चौतीस वर्षांतली सगळ्यात मोठी कॉपी पकडली गेली होती, आणि शिक्षा कोणाला द्यावी हे गुरुजींना कळत नव्हतं. त्यांनी इबूंना मागच्या सीटवर बसवलं, कोंबडीची दोन पिसं झटकली आणि आळीला दोन फेऱ्या मारल्या. दुसऱ्या फेरीत दुकानापुढे गाडी थांबवून त्यांनी खणखणीत आवाजात एक लाल बाटली मागितली आणि वर म्हणाले, "कागद नको. उघडीच द्या. बायकोसाठी आहे."

सतरा तारखेला झेंडावंदन झालं. भंगारवाल्याला कोणी बोलावलंच नव्हतं, त्यामुळे तो आला नाही.

अठराला सकाळी आठ वाजता गिमानने गॅरेजचं दार उघडलं. स्टूल त्याने कोपऱ्यात सरकवून ठेवलं होतं. नऊ वाजले, कोणी आलं नाही. त्याने उगाच एक पाना पुसला. सव्वानऊला आळीच्या वळणावरून गुरुजी येताना दिसले. एका हातात किटली, एका हातात भज्यांचा पुडा आणि काखेत विहिरीवरचा जुना पंप. मागून बापाक पर्तोमो रेडिओ आणि स्वतःचं स्टूल घेऊन येत होते.

गुरुजींनी पंप वर्तमानपत्रावर ठेवला. गिमानने तो फिरवून फिरवून पाहिला. कुठेही लाल ठिपका नव्हता.

"बिघडलाय का, गुरुजी?"

"इंग्गिह," गुरुजी म्हणाले.

गिमानने बटण दाबून पाहिलं. पंप झकास फिरला. त्याने तो बंद केला, स्क्रू काढायला घेतले आणि खाली मान घालूनच राहिला.

"उद्यापर्यंत होईल ना, कांग?" गुरुजींनी विचारलं.

"इंग्गिह," गिमान म्हणाला आणि पायाने निळं स्टूल त्यांच्याकडे सरकवलं.